घरचे पीठ, परकी आच



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयास कोणी उभा राहिला की श्रोते गडकोट, तह आणि लढाया यांची वाट पाहू लागतात. आमच्यासारखा कामगार-संघटनेचा माणूस असला तर फार तर एखाद्या संपाची हकीकत ऐकावयास मिळेल, अशी त्यांची समजूत असते. आज आम्ही नानकटाईचा इतिहास सांगणार आहोत. तोही राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यातील नानकटाईचा नव्हे, तर नांदेड-लातूरच्या बायाबापड्यांनी घरचे पीठ, साखर आणि तूप डोक्यावर घेऊन, चार जणींच्या सोबतीने दुसऱ्याच्या भट्टीवर भाजून आणलेल्या नानकटाईचा. कोणास हसू आले तर खुशाल हसावे. परंतु ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही वसंत व्याख्यानांची प्रथा घालून दिली, त्यांच्यावरच पुढे चहा-बिस्किटांपायी प्रायश्चित्ताची पाळी आली होती, हे आधी ध्यानात घ्यावे.

ती हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील पुढारी मंडळींना बोलावणे गेले. रानडे होते, टिळक होते. समोर चहा आणि बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेला हाती धरला, कोणी तसाच ठेवून दिला. मग नावांची यादी वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले; रानड्यांनी १८९२ साली ते घेतले, आणि त्यांच्या अनुयायांना त्याचे फार दुःख झाले. हा सारा घाट घालणारे गृहस्थ म्हणजे गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. आनंदीबाई १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. त्या बाईंना त्या ‘मावशी’ म्हणत. परक्या देशात परक्या बाईला मावशी करून तिच्या चुलीजवळ बसणारी महाराष्ट्रातली ही जवळजवळ पहिली मुलगी. १८८६ साली ती डॉक्टर झाली आणि पुढल्याच वर्षी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी वारली. तिच्या पश्चात तिच्या नवऱ्याने पुण्याच्या पुढाऱ्यांसमोर बिस्किटे मांडून त्यांची परीक्षा घ्यावी, यात नुसता खोडसाळपणा होता की काही राग होता, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हांस त्यात राग दिसतो.

मुद्दा इतकाच की बिस्किट ही आपल्याकडे नुसती खाण्याची वस्तू नव्हती. ते कोणी मळले, कोणाच्या भट्टीत भाजले, पिठात कोणते पाणी पडले, या प्रश्नांनी ते भारलेले होते. पावाचेही तेच. पोर्तुगिजांनी विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि त्या विहिरीचे पाणी पिणारे सारे गाव बाटले, ही कथा कोकणात पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. पाव ताडीने फुगवीत, म्हणूनही तो सोवळ्यात बसत नसे.

नानकटाईने या कोंडीतून वाट काढली. तिला ताडी लागत नाही, अंडे लागत नाही, पाण्याचा थेंबही लागत नाही. तूप, साखर, मैदा, चिमूटभर सोडा आणि वेलदोडा किंवा जायफळ, की झाले. पाणी नाही, तेव्हा सोवळ्या-ओवळ्याची जुनी गणिते तिला पुरतेपणी लागू पडत नाहीत. तुपात केलेले ते चालते, ही सोय धर्मशास्त्रानेच करून ठेवलेली. सुरतेच्या डच वखारीतील भटारखाना पुढे दोटीवाला नावाच्या पारशी घराण्याकडे आला आणि तेथून नानकटाईचा प्रसार झाला, असे सांगतात. नावाचा पहिला भाग ‘नान’ म्हणजे रोटी, हे उघड आहे; दुसऱ्या भागावर पंडितांचे एकमत नाही आणि आम्ही त्या भांडणात पडत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की पीठ घरच्या परातीत, घरच्या हातांनी मळता येई. फक्त भाजावयास बाहेर जावे लागे. कारण आपल्या घरात चूल होती, शेगडी होती, तवा होता; चारी बाजूंनी सारखी आच देणारी बंदिस्त भट्टी नव्हती. भाकरीच्या मुलखाला तिची गरजही नव्हती.

आता आमच्या मुलखाकडे वळू. ‘परदेश’ हा शब्द मराठवाड्यात फार जवळचा होता, हे आजच्या मुलांना सांगून खरे वाटत नाही. १९४८ पर्यंत नांदेड हा निजामाच्या राज्यातील जिल्हा आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका. (लातूरचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला.) लातूरहून बार्शीस जावयाचे म्हणजे राज्याची सरहद्द ओलांडावयाची. नाक्यावर करोडगिरीचे लोक गाठोडी सोडून पाहत. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार रुपया. पोस्टाचे तिकीट वेगळे, कचेरीची भाषा वेगळी. एकाच बोलीची, एकाच जातीची, एकमेकांच्या घरी मुली दिलेली माणसे, पण शंभर किलोमीटरांत परमुलूख लागे. उलट हैदराबाद दूर असूनही राजधानी म्हणून आपले. शिकावयास तेथेच जाणे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी घरातील पोरे तेथल्या वसतिगृहांत राहिली, इराणी हॉटेलांत चहात बुडवून बिस्किटे खाऊ लागली. निजामाच्या नावाने ओळखले जाणारे उस्मानिया बिस्किट, थोडे खारट, थोडे गोड, ते त्याच शहरातले. पहिल्याने इस्पितळातील रोग्यांसाठी केले गेले, अशी त्याची कथा सांगतात. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा त्यांतील कित्येक नागपूर विद्यापीठात गेले. ते आणखी एक परदेशगमन. आपल्याच देशात दोनदा परदेशी झालेली ही पिढी होती.

रेल्वेने खाणे बदलले, हेही येथे सांगितले पाहिजे. नांदेड हे सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरचे. मीटर गेजचा हा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि हैदराबादचे वारे गोदावरीकाठी येऊ लागले. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली आली. ती कुर्डुवाडीकडे, म्हणजे सोलापूर-पुण्याकडे तोंड करून उभी. पुढे १९१७ साली गंजगोलाई उठली, सोळा रस्ते तिला येऊन मिळाले आणि लातूरची पेठ साऱ्या मुलखाची झाली. म्हणून आम्हांस असे वाटते की नांदेडच्या बेकरीत हैदराबादची चव अधिक आणि लातूरच्या बेकरीत पुणे-सोलापूरची. लातूरकरांस हे मान्य नसेल. त्यांनी आपला पुरावा, म्हणजे एक डबा, आमच्याकडे पाठवावा.

नांदेडास उस्मानशाही गिरणी निघाली आणि भोंग्याबरोबर माणसेही आली. आसपासच्या तालुक्यांतली मराठी माणसे, तेलंगणातले तेलुगू विणकर, रेल्वेत नोकरीला आलेली कुटुंबे. शिवाय १७०८ साली गुरू गोविंदसिंग येथेच निवर्तले, त्यामुळे सचखंड हुजूर साहिबच्या आश्रयाने राहणारी शीख घरे आधीपासूनच होती. पंजाबात घरची कणीक, तूप आणि गूळ-साखर भट्टीवर नेऊन बिस्किटे करून आणण्याची चाल आजही आहे. अशा नगरात बायकांची ओळख कोठे व्हावी? देवळात जातीप्रमाणे, नळावर भांडणातून आणि भट्टीवर पाळी लागेतो. गिरणी आज बंद आहे, भोंगाही थांबला. परंतु त्या चाळीतल्या म्हाताऱ्या बायकांशी आम्ही पुष्कळ बोललो आहोत, आणि नवऱ्याच्या खात्याचे नाव विसरलेल्या बाईलाही भट्टीवरच्या सोबतिणींची नावे सांगता येतात.

ती रीत अशी होती. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्यात पोरांना सुट्टी लागली की चार घरच्या बाया ठरवून एक दिवस काढीत. तूप परातीत घेऊन तळहाताने फेसावयाचे. अर्धा तास, पाऊण तास, खांदा भरून येईपर्यंत. एक थकली की दुसरीने परात ओढावयाची. तूप पांढरे आणि हलके झाले पाहिजे. थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. मग पिठीसाखर, मग मैदा, कोणी त्यात मूठभर बेसन किंवा रवा घालीत. गोळे करून वर अंगठ्याने दाबून चारोळी बसवावयाची. बेकरीतून पत्रे आणावयाचे, ते भरून झाकून डोक्यावर नेऊन पोचवावयाचे. प्रत्येकीची खूण वेगळी: एकीची चारोळी, दुसरीचे काडीने काढलेले फूल, तिसरीची नुसती दोन बोटे. कोणाचा पत्रा कोणाच्या घरी जाऊ नये म्हणून ही खूण. तरी जायचाच, आणि मग दुसरीच्या हाताची चव घरात येई. जी बाई वर्षभर शेजारणीच्या घरचे पाणी पीत नसे, तिची पोरे त्या शेजारणीची नानकटाई खाऊन मोकळी होत. रानड्यांना ज्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले, ते साठ वर्षांनी चाळीतल्या बायांनी पत्र्यांच्या अदलाबदलीत उरकून टाकले. वर्तमानपत्रात यादी आली नाही, म्हणून ते इतिहासातही आले नाही.

याच्या मधोमध १९४८ हे वर्ष पडते. ते गाळून पुढे जाता येणार नाही. कासीम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या रझाकारांनी खेडोपाडी जो जुलूम केला, त्याने हजारो कुटुंबे सरहद्दीपलीकडे पळाली. उमरखेड, बार्शी अशा ठिकाणी लढ्याच्या छावण्या पडल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्यानंतर जे घडले ते आपण दर वर्षी मुक्तिदिनाच्या भाषणात सांगत नाही. सूड निघाला आणि तो पुष्कळदा निरपराध मुसलमानांवर निघाला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती नेहरूंनी पाठविली होती. मृतांचा आकडा किमान २७,००० ते ४०,००० असावा असा तिचा अंदाज होता, आणि सर्वांत अधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड ही दोन्ही नावे होती. तो अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून राहिला. २०१३ च्या सुमारास तो लोकांस पाहावयास मिळाला.

इकडे भट्ट्या चालविणारे बहुतेक मुसलमान. चाळीतील एका आजीने आम्हांस सांगितलेली गोष्ट येथे सांगतो. कारवाईनंतर दोन दिवाळ्या तिच्या आळीतून कोणी पत्रे नेले नाहीत. भीती दोन्हीकडे होती. बायांना वाटे, पिठात काही घालतील. भट्टीवाल्याला वाटे, या आल्या आणि मागून माणसे आली तर? तिसऱ्या वर्षी तिच्या सासूने परात काढली. सासू स्वतः रझाकारांच्या भयाने दोन महिने सरहद्दीपलीकडे राहून आलेली. ती पत्रे घेऊन दारात उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “मामू, आमचे पत्रे पावाच्या मागून घाला. मागल्या खेपी काळी केली होती.” भट्टीवाला थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ठैरो अक्का, आंच उतरने दो.” एवढेच संभाषण. आजी म्हणे, त्या दिवशी सासूबाई नानकटाई होईपर्यंत तेथेच ओट्यावर बसून राहिल्या. एरवी त्या कधी थांबत नसत.

हा काही कागदावरचा पुरावा नव्हे. आम्हीही तो पुरावा म्हणून मांडत नाही. दंगलीनंतर शांतता समित्या नेमतात, पत्रके काढतात, मिरवणुकाही निघतात. आम्ही स्वतः अशा कित्येक मिरवणुकांतून चाललो आहोत. परंतु माणसाने दुसऱ्याच्या हाती आपले अन्न पुन्हा सोपविणे, याच्याइतका भक्कम दाखला आम्हांस ठाऊक नाही.

पुढे तुपाची जागा डालड्याने घेतली. १९३७ साली निघालेला तो पिवळा डबा, त्यावरचे ताडाचे झाड, कोणास आठवत नाही? पन्नासच्या दशकात वनस्पती तुपाने प्रकृतीस अपाय होतो की नाही, यावर देशभर वाद झाला. वाद होत राहिला आणि डबा घराघरांत शिरला, कारण कामगाराला साजूक तूप परवडत नव्हते. रिकाम्या डब्यात नानकटाई भरून तो फळीवर ठेवावयाचा, हा त्याचा दुसरा जन्म. आणि तो डबा विकत येई बोनसवर. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२४ साली बोनससाठी मोठा संप केला आणि हरले. कायदा व्हावयास १९६५ उजाडले. मालक लोक बोनसला बक्षिसी म्हणत, आम्ही त्यास राहिलेला पगार म्हणतो, आणि बाया त्यास नानकटाईचे पैसे म्हणत. तिन्हींत बायांची व्याख्या आम्हांस अधिक नेमकी वाटते. १९७२ च्या दुष्काळात मात्र भट्टीकडे पत्रे गेले नाहीत. त्या वर्षी मराठवाडा खडी फोडीत होता, अमेरिकेतून आलेली मिलो खात होता आणि पोरांच्या हाती सुकडी होती.

आता गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले परदेशगमन. नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि लातूरच्या गुणवत्तेच्या कारखान्यातून निघालेली मुलेमुली जर्मनी, अमेरिका, इंग्लंड येथे पोचली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, अमेरिकेतील मंडळेही आता जुनी. परंतु ही आमची मुले मंडळापर्यंत क्वचित पोचतात. पाच-सहा जण मिळून भाड्याचे घर घेतात आणि दिवाळी आली की एक केरळची, एक पंजाबची, एखादी तुर्की अशा मैत्रिणी गोळा करून नानकटाईचा घाट घालतात. प्रत्येक घरात आता विजेची भट्टी आहे. परात नाही, पण यंत्राने तूप फेसता येते. सामान चोख, प्रमाण आजीने फोनवर सांगितलेले. आणि तरी पहिला घाणा बिघडतो, हे आम्ही इतक्या घरांतून ऐकले आहे की त्याचे कारण शोधल्यावाचून राहवले नाही. नानकटाई पसरते, चपटी होते, खालून करपते आणि मधे कच्ची राहते.

कारण असे की आजीच्या कृतीत आच नाही. तूप किती, साखर किती, किती वेळ फेसावयाचे, सोडा केव्हा घालावयाचा, सारे तिला पाठ; पण भट्टी किती तापलेली असावी, हे तिला कधीच ठाऊक नव्हते. तिने पत्रा दारात दिला आणि भाजलेला पत्रा दारातून घेतला. मधल्या वीस मिनिटांतले ज्ञान तिचे नव्हते, ते आतल्या माणसाचे होते. ज्याला आपण ‘घरची नानकटाई’ म्हणत आलो, तिचे अर्धे कसब घराबाहेर राहत होते आणि त्याचे नाव कोणत्याही वहीत उतरले नाही.

आम्ही ते आतल्या माणसास विचारले. नांदेडातील एका जुन्या कारागिराने सांगितले ते असे. लाकडाची भट्टी रात्री पेटवितात. घुमटासारखी वीट तापली की निखारे बाजूला ओढून फरशी ओल्या फडक्याने पुसतात. पहिली कडक आच पावाला. दोन घाणे पाव निघाला की आच उतरते; मग बिस्किटे आणि नानकटाई; त्याहून उतरली की रात्रभर टोस्ट आणि बटर वाळत ठेवावयाचे. एकच आग, पण तिचे चढ-उतार असे वाटून दिलेले, की लाकडाचा तुकडा वाया जात नाही. नानकटाईची वेळ कशी ओळखावयाची? फरशीवर चिमूटभर मैदा टाकावयाचा. लगेच काळा झाला तर थांबावयाचे, पांढराच राहिला तर उशीर झाला. हळूहळू बदामी होऊ लागला की पत्रे सारावयाचे. विजेच्या भट्टीच्या भाषेत ही आच सुमारे १७० अंश सेल्सियस होते. थंड भट्टीत पत्रा ठेवला तर तूप आधी वितळून पळते आणि मैदा मागून धरतो, म्हणून नानकटाई चपटी होते. आधी तापवून ठेवली तर वरचा पापुद्रा चटकन धरतो, आतून सोडा फुगतो आणि डोक्यावर ती फुटकी रेघ येते. हे ऐकून आम्ही एका मुलीस कळविले. तिचा दुसरा घाणा जमला, असे कळले.

हा कारागीर स्वतः कोठला? उत्तर प्रदेशचा. आमच्याकडच्या बेकऱ्यांत कारागीर म्हणून बव्हंशी तिकडचीच मुले येतात, कोणी चौदाव्या, कोणी सोळाव्या वर्षी. सात-आठ जण भट्टीच्या वरच्या माळ्यावर झोपतात, खाली भाजतात, आळीपाळीने रांधतात. घरापासून हजार किलोमीटरांवर, मित्रांच्या सोबतीने बिस्किटे भाजणारी मुले पाहावयास जर्मनीस जाण्याची गरज नाही. ती आपल्या गल्लीच्या टोकास आहेत. फरक इतकाच की जर्मनीतील मुलीस ती घराची आठवण असते आणि माळ्यावरच्या मुलास तो रोजगार असतो. ईदेला तो गावी जाऊ शकला नाही तर उरलेल्या आचेवर स्वतःसाठीही एक पत्रा लावतो. त्यात तो शेवया, खोबरे असे काही घालतो. आम्ही ती खाल्ली आहे. तिला नाव नाही.

भट्टीपाशी रात्र काढणारा हा माणूस जगभर एकच आहे. मार्क्सने आपल्या १८६७ च्या ग्रंथात लंडनच्या पाववाल्या मजुरांचे वर्णन केले आहे. रात्री ११ वाजता काम सुरू, मधे दोन तास त्याच उबट खोलीत फळ्यांवर झोप. न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली बेकरी कामगारांना दिवसास १० आणि आठवड्यास ६० तासांची मर्यादा घातली. लॉकनर नावाचा एक बेकरीमालक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०५ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. कारण काय, तर कामगाराच्या करार करण्याच्या स्वातंत्र्याला बाध येतो. कायदा शिकलेल्या आमच्या एका मित्राने ही कथा सांगितली, तेव्हा आम्हांस प्रथम ती विनोद वाटली. १९२५ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने बेकऱ्यांतील रात्रपाळीच बंद करणारा करार केला. बिस्किटांचे घाऊक कारखाने तेवढे त्यातून वगळले. आपल्याकडे १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला आणि महाराष्ट्रात बेकरीचा धंदा त्याच्या अनुसूचीत आला. अनुसूचीत येणे निराळे आणि पगाराच्या पाकिटात येणे निराळे.

आमचा या धंद्याशी संबंध आला तो भाजणावळीच्या प्रश्नावरून. भाजणावळ म्हणजे घरचे पत्रे भाजून देण्याचे पैसे, किलोमागे किंवा पत्र्यामागे ठरलेले. गावाचे नाव सांगत नाही, बेकरीचेही नाही. दिवाळीच्या महिन्यात तेथे दिवसाला शंभर-दीडशे पत्रे येत. पाव पहाटे निघून जाई, आणि ज्या वेळी कारागिरांनी झोपावयाचे त्या दुपारच्या वेळी बायांचे पत्रे लागत. मालक भाजणावळ गल्ल्यात टाकी. मुलांचे म्हणणे, लाकूड मालकाचे खरे, पण झोप आमची. मालकाचे म्हणणे, मी पगार महिन्याचा देतो, दुपार काही महिन्याबाहेर नाही. संप करावयास सात जणांचे बळ पुरत नाही. मग मुलांनी एक केले. दुपारी पत्रे आले की ते नम्रपणे सांगू लागले, “अक्का, आज आच उतरली नाही, उद्या या.” तीन दिवस आच उतरली नाही. चौथ्या दिवशी बाया मालकाच्या ओट्यावर जाऊन बसल्या. त्यांतील एकीने सरळ विचारले, “भाजतो कोण? तुम्ही का तो पोरगा?” त्या संध्याकाळी बोलणी झाली, आम्ही मधे होतो. लाकडाचा खर्च वजा जाऊन भाजणावळीचा अर्धा भाग कारागिरांचा, असे ठरले. लिहून घेतले, सह्या झाल्या. दोघांनी अंगठे दिले.

ती व्यवस्था सहा दिवाळ्या चालली. त्यानंतर मालकाने विजेवर चालणारी फिरती भट्टी आणली. तिच्यात चाळीस पत्रे एकदम राहतात, आच आकड्यावर ठरते आणि बाहेरचे पत्रे तिच्या चौकटीत बसत नाहीत. सातांपैकी तिघे राहिले. बायांनी एक-दोन वर्षे दुसरीकडे भट्टी शोधली, मग घराघरांत छोट्या विजेच्या भट्ट्या आल्या, किंवा डबे विकत येऊ लागले. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकडाच्या आणि कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलण्यास सांगितले. धुराचा प्रश्न खरा आहे, त्यावर आमचा वाद नाही. नांदेड-लातुरात अजून काही जुन्या भट्ट्या जळतात. त्यांपैकी एकीवर गेल्या दिवाळीत आम्ही गेलो होतो. ओट्यावर पाच पत्रे होते, चार चारोळीचे आणि एक काडीने फूल काढलेला. दर विचारला, तेव्हा कारागिराने तो सांगितला आणि पैसे स्वतःच्या खिशात ठेवले. मालक समोरच बसला होता.